मिठागरात तरंगलेली जॅकेटं

रोह्याच्या कंपनीला टाळं लागलं त्या वर्षी माझा नवरा बापाच्या बोटीवर जायला लागला, आणि त्याला पोहता येत नव्हतं. मासेमारीच्या घरातल्या माणसाला पोहता येत नाही म्हटलं की लोक हसतात. हसणाऱ्यांनी खाडीकाठच्या गावांत जाऊन जरा विचारून बघावं. बोटीवरच्या माणसाने बोटीत राहायचं असतं, पाण्यात नव्हे, असं तिथले कितीतरी जण सरळ सांगतील. आमच्या ह्यांचं तर आणखी वेगळं. शाळेसाठी ते लहानपणीच रोह्यात आत्याकडे राहिले, मग आयटीआय, मग कंपनीची शिफ्ट. खाडीशी त्यांचा संबंध ताटात पडणाऱ्या जिताड्यापुरता. कंपनी बंद झाली, दुसरीकडे कुठे लागेना, तेव्हा दिवाळी झाल्यावर एके दिवशी ते मुकाट्याने बापाच्या मागे धक्क्यावर गेले.

मी पेणकडची, मिठागरावरच्या घरातली. मला स्वस्थ बसता येत नाही. हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार, असं आई म्हणायची. लग्न होऊन रोह्याच्या खालच्या अंगाला खाडीकाठी आले, जिभेची धार थोडी बोथट झाली, पण भिंगरी तशीच राहिली.

बोट लहानच होती. पुढे नाळेत देवाचा नारळ, मध्ये बर्फाचा खण, मागे सुकाणापाशी सासऱ्यांची जागा. सासरे तांडेल, म्हणजे बोटीवर शब्द त्यांचा. सोबत दोन खलाशी आणि आता हे. खाडीच्या तोंडातून बाहेर पडून बोट किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायची आणि दोन-तीन दिवसांनी यायची. ते दोन-तीन दिवस मी घरात असून नसल्यासारखी. दूध उतू जायचं, भाकरी करपायची, आणि कुठलंही निमित्त काढून मी धक्क्यावर चक्कर मारून यायची. शेजारीण विचारायची, दर्यावर पहारा बसवलास काय गो? मी हसायची. पण मला आतून हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती आणि भीतीचा रागही येत होता.

हिवाळ्यात एकदा ह्यांच्या पाठीला तेल लावताना करदोट्याच्या वर कंबरेभोवती लाल वळ दिसला. विचारलं तर म्हणाले, जाळं ओढताना घासतं. जाळं ओढताना काय काय घासतं ते मला कुठे माहीत होतं? हळद लावली आणि विषय संपला.

सासऱ्यांशी मी समोरासमोर बोलत नसे. रीतच तशी होती. त्यांना काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, मग त्या जेवण वाढताना वाऱ्यावर सोडल्यासारखं बोलायच्या. मी निरोप धाडला की बोटीवर जीव वाचवायचं सामान असावं, निदान पाण्यात तरंगवणारी जॅकेटं तरी. उत्तर त्याच वाटेने आलं. मरणाची तयारी करून दर्यावर निघायचं नाय.

या बाबतीत माणूस भलताच कडक. बोटीवर 'बुडणं' हा शब्द कुणी काढायचा नाही. बादली निसटून गेली तरी ती पाण्याला गेली म्हणायचं. दर्याला आठवण करून द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते ऐकून संताप यायचा. दर्याला काय तुमच्या शब्दांची वाट बघायची आहे, असं मी सासूबाईंना म्हटलं. तो निरोप त्यांनी पुढे पोचवला नाही, हे त्यांचे उपकार.

कोलाडच्या नाक्याजवळ गल्फहून परतलेल्या एका चाचांचं इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिकडे तेलाच्या विहिरींवर सामान पोचवणाऱ्या बोटींवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. मुंबईला जहाजं तोडतात तिथून त्यांच्याकडे नाना वस्तू यायच्या. भाताचं बियाणं बघायला जाते असं घरी सांगून मी एसटीने कोलाडला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत नारिंगी जॅकेटांचा ढीगच होता. मला आनंद झाला, साड्यांच्या दुकानात होतो तसा.

चाचांनी मात्र घाई करू दिली नाही. दोन जाती होत्या. एकीत फोमच्या जाड वड्या. ती राकट, काखेत रुतणारी. घालून पाहिली तर मला हात खाली सोडता येईना. जाळं ओढणारा माणूस ती पहिल्याच दिवशी काढून फेकणार हे उघड होतं. दुसरीत सावरीचा कापूस, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून शिवलेला. मऊ, अंगाला बसणारी, मानेमागे उशीसारखी गादी. चाचा म्हणाले, मऊ आहे खरी, पण जुनी आहे. आतली पिशवी फाटली असेल तर वरून कळत नाही, आणि मग कापूस पाणी पितो. म्हणून दिवसभर पाण्यात ठेवायची, वर दगड ठेवायचा, संध्याकाळी दगड काढायचा. वर आली तर माणसाला घालायची. मी मऊ जातीतली पाच घेतली. पाण्यात फेकायची एक गोल रिंग घेतली, एका पत्र्याच्या डब्यात लाल उजेड पाडणारी नळकांडी घेतली, एक मोठा टॉर्च आणि शिट्ट्या. चाचांनी शेवटी एकच गोष्ट दोनदा सांगितली, की यातलं काहीही बांधून ठेवायचं नाही. हात घातला की हातात आलं पाहिजे.

आता ती पाण्यात घालायची कुठे? आमच्या खाडीत घालावी तर अख्खं गाव बघणार, आणि सासऱ्यांच्या मते तो जिवंतपणीच केलेला अपशकुन. म्हणून ते बोचकं घेऊन मी थेट पेणला माहेरी गेले. चैत्र सरत आलेला. मिठागर भरात होतं, डोळे दिपतील असे पांढरे ढीग लागलेले. माझे बाबा आयुष्यभर त्या पाण्यात उभे राहिलेले. पाण्याचा त्यांना अभिमान इतका, की कुणी पेणच्या गणपतीचं कौतुक केलं तरी ते मिठावर यायचे. पाणी पिकलं, म्हणजे मिठाने दाट झालं, की नाही हे बघायला ते त्यात बटाटा टाकायचे. साध्या पाण्यात बटाटा तळाला जातो. पिकलेल्या पाण्यात तो वर येऊन गरगर फिरतो. लहानपणी तो बटाटा टाकायचा मान माझा होता.

बाबांनी जॅकेटं उलटीपालटी केली, नाकाला लावली, आणि म्हणाले, चल, आत्ताच बघू. मिठागराच्या कडेला पिकलेलं पाणी साठवायचा एक छातीइतका खड्डा होता. पाचही त्यात टाकली, वर दगड ठेवले. मी दिवसभराचं म्हटलं तर बाबांनी दुपारच्या जेवणापर्यंतच धीर धरला. दगड काढले तशी सगळी भसकन वर आली. मग बाबांनी त्यातलं एक स्वतः चढवलं, धोतर वर खोचलं आणि खड्ड्यात उतरले. पाय उचलून, हाताची घडी घालून, ते तिथे पाटावर बसल्यासारखे तरंगले. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाबांनी पाण्यातूनच निकाल दिला.

"आमच्या पान्यात पास, म्हंजे सगल्या दर्यात पास. जावयाला सांग, निजला तरी चालंल."

मीही हसले. कितीतरी महिन्यांनी पोटभर हसले.

जॅकेटं बोटीवर चढवायची युक्तीही बाबांचीच. सुनेने आणलेलं सामान सासरा नाकारू शकतो, पण व्याह्याने हातात दिलेला आहेर परत करता येत नाही. बाबा मिठाची गोणी, नारळ आणि वर ते नारिंगी गाठोडं घेऊन स्वतः आमच्याकडे आले. सासऱ्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, दाराआडच्या माझ्याकडे पाहिलं, सगळं समजले, आणि पानाचा डबा पुढे केला. माझा जीव भांड्यात पडला.

पण ते काही कमी नव्हते. आहेर बोटीवर नेला आणि बर्फाच्या खणाशेजारी, जुन्या जाळ्यांच्या खाली, फळ्यांच्या तळाशी ठेवला. दर्याला दिसता कामा नये म्हणून. शिवाय आमच्याकडे बोटीवरची प्रत्येक वस्तू बांधलेली असते. सुटी वस्तू पहिल्या लाटेला जाते. म्हणून चार जॅकेटं एकत्र करून त्यावर अशी गाठ मारली की ती सोडायला कोयताच लागावा. नळकांड्यांचा डबा देवाच्या नारळामागे गेला. रिंगवर एक खलाशी बसायला लागला. टॉर्च तेवढा सगळ्यांना पसंत पडला, तो पत्ते खेळायला कामी येई. हे सगळं मला ह्यांच्याकडून कळलं आणि मी चिडले. तर हे म्हणाले, बोटीवर आहेत ना? मग झालं. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून मीही गप्प बसले. पाचवं जॅकेट जास्तीचं म्हणून आमच्या खाटेखाली राहिलं.

पावसाळ्यात बोट वर ओढली. जॅकेटं घरी आली, त्यांच्यावर बुरशी चढली, घरभर कुबट वास सुटला. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला. जॅकेटं पुन्हा फळ्यांखाली, पुन्हा ती गाठ. मग बोट पहिल्या लांबच्या फेरीला निघाली. जाताना हे वळून हसले. मला ते हसणं आवडलं नाही, का ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी हाताला काहीतरी काम हवं म्हणून खाटेखालचं जॅकेट धुवायला नदीवर नेलं. श्रावणात वरून येणारं पाणी इतकं असतं की आमच्यापर्यंत कुंडलिका गोडीच असते. साबण लावला, भिजत ठेवलं, प्रवाहाने जाऊ नये म्हणून वर दगड ठेवला आणि बाकीचे कपडे आपटत बसले. कपडे पिळून झाले. दगड काढला. जॅकेट वर आलं नाही.

आधी वाटलं, चिखलात रुतलं असेल. हात घालून ओढलं तर ओल्या गोधडीसारखं जड. पायरीवर ठेवलं तर शिवणींतून पाणी गळायला लागलं, थांबेचना. पुन्हा नदीत सोडलं. हळूहळू, काही घाई नसल्यासारखं, ते खाली गेलं. आणि मला तो बटाटा आठवला. पिकलेल्या पाण्यात बटाटा तरंगतो. पिकलेल्या पाण्यात बाबा तरंगले. त्या पाण्यात जॅकेटाशिवायही ते तसेच तरंगले असते. लहानपणी आम्ही पोरंच त्या खड्ड्यात नुसती उताणी पडून राहायचो. हे मला ठाऊक होतं, बाबांना तर माझ्याहून ठाऊक होतं, आणि तरी आम्हा दोघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. आमच्यासाठी पाणी म्हणजे तेच पाणी.

बोट तेव्हा किनाऱ्यापासून लांब होती. बोटीवर वायरलेस नव्हता, आणि चार जॅकेटं फळ्यांखाली होती. तीही याच ढिगातली. ह्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं की आता निजलं तरी चालेल.

मला घरात उभं राहवेना. धक्क्यावर गेले, तिथेही राहवेना. ओलं जॅकेट गोणीत कोंबलं आणि एसटी पकडली. पेणला जाऊन काय होणार होतं? काहीही नाही. पण चालती गाडी तरी हवी होती. कोलाड गेलं, खांब गेलं, वडखळला नेहमीसारखी गाडी अडकून राहिली. गोणीतून पाण्याचा ओघळ वाहत होता. कंडक्टर म्हणाला, बाई, मासळी मागच्या सीटवर घ्या. मी त्याला काय सांगणार होते? मागच्या सीटवर जाऊन बसले आणि वडखळ सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून रडले.

पावसाळ्यात मिठागर म्हणजे नुसतं तळं. बाबा घरीच होते. मी बोलायला लागले आणि एका वाक्यातच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गोणी उचलली, त्याच खड्ड्यापाशी गेले. खड्डा आता पावसाच्या पाण्याने काठोकाठ होता. जॅकेट त्यात टाकलं. ते तळाला गेलं. बाबांनी ते बाहेर ओढून पुन्हा गोणीत घातलं. मग घरात येऊन सदरा घातला, आणि मी न सांगता माझ्याबरोबर निघाले. रात्री उशिरा आम्ही गावात पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा होता. ढग खाली आलेले, खाडी तांबडी आणि खवळलेली. बाहेर गेलेल्या बोटी एकेक करून परत येत होत्या. प्रत्येक बोटीला मी तेच विचारत होते आणि प्रत्येक बोट तेच सांगत होती, की तुमची बोट आमच्या मागे होती. बाबा धक्क्याच्या एका खुंटावर बसून होते. मी धक्क्याच्या या टोकाहून त्या टोकाला जात होते. सासूबाईंनी एकदा हाताला धरून खाली बसवलं. त्यांनी हात सोडला आणि मी उठले.

दुपारी बोट दिसली. इंजिनाचा आवाज ओळखीचा होता. मी माणसं मोजली, पुन्हा मोजली. चौघे होते. तरीही मी बसले नाही.

हे उतरले ते नखशिखान्त भिजलेले, ओठ निळे पडलेले. आणि त्यांच्या कंबरेला दोरी होती. जाड, काळपट दोरी, करदोट्याच्या जरा वर, कंबरेभोवती फिरवून मारलेली. तिचं दुसरं टोक सासऱ्यांच्या हातात होतं. जनावर बाजारातून आणावं तसे ते दोघे धक्क्यावर चढले.

खलाशाने काय झालं ते सांगितलं. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथे बोट कलंडली आणि हे बाहेर फेकले गेले. दोरी होती म्हणून ओढून घेतले. जॅकेट काढायला कुणाला सुचलंही नाही, सुचून उपयोगही नव्हता. ते होतं तळाशी. ही दोरी पहिल्या दिवसापासून होती. कंपनीतून आलेल्या लेकाला सासरे खाडीचं तोंड ओलांडताना आणि जाळं टाकताना दोरीने बांधायचे, टोक स्वतःच्या पायाला वेढा घालून धरायचे, आणि गावाजवळ आलं की सोडायचे. तरण्याताठ्या माणसाला वासरासारखं बांधलेलं गावाने बघू नये म्हणून. आज भिजून गाठ फुगली होती, सुटत नव्हती.

मला तो लाल वळ आठवला. हळदीचा हात आठवला.

बाबा खुंटावरून उठले. त्यांनी गोणीतलं जॅकेट काढून व्याह्यांच्या पायाशी ठेवलं.

"व्याही, माझं पानी चुकलं. मिठागरात बघितली मी ती. बाहेर ती तरंगायची नाय."

सासऱ्यांनी ते जॅकेट पायाने जरा दाबून बघितलं. पाणी निघालं. ते रागावतील असं मला वाटलं होतं, आणि रागवावं असंही वाटत होतं. ते रागावले नाहीत. ते धक्क्यावर मांडी घालून बसले, लेकाला समोर बसवलं, आणि जाळं विणायची सुई घेऊन गाठ उकलायला लागले. एक खलाशी कोयता घेऊन आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग मान वर न करता ते बोलले. सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, पण ते त्यांच्याशी बोलत नव्हते. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलत होते.

"तू दुसरी जाकिटं आन गो. हितं नदीत बघून आन. ठेवायला जागा मी देतो, माझ्या हाताशी, सुकानापाशी. ती बांधायची नाय. पन दोरी मी सोडायचा नाय."

मी व्हय म्हटलं. माझा पदर डोक्यावरून घसरला होता, तो मी सावरला नाही.

ते सुईचं टोक गाठीत घालत होते. टोक सारखं सटकत होतं आणि ते सारखं नव्याने लावत होते. चहा टाकायला हवा होता, ह्यांना कोरडे कपडे द्यायला हवे होते, बाबांना घरात न्यायला हवं होतं. मी त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले, दोरीचं सुटं टोक ताणून धरलं, आणि गाठ सुटेपर्यंत उठले नाही.